सारासार विचार

टोमॅटो हे फळ की भाजी, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बाहेरून येणाऱ्या भाजीवर तिथे जकात होती, फळांवर नव्हती; तेव्हा व्यापारी म्हणत होते फळ, आणि सरकार म्हणत होतं भाजी. १८९३ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला की, वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत, सबब ती भाजीच. जकात भरा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे या निकालाबद्दल मला नितांत आदर आहे. ज्या प्रश्नाच्या मुळाशी पैसा आहे तो शास्त्रज्ञांच्या हाती सोपवू नये, हे आम्हा बँकवाल्यांचंही मत आहे.

परंतु गेल्या वर्षी आमच्या कुटुंबात टोमॅटोचा जो खटला उभा राहिला, त्याच्यापुढे तो अमेरिकन खटला म्हणजे पोरखेळ होता. यात वादी माझा मेहुणा, प्रतिवादी माझ्या सासूबाई, आणि वादातली मिळकत म्हणजे भुशीचं घर.

भुशी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. धरणाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, पाण्यात बसलेली माणसं आणि माणसांच्या हातात मक्याची कणसं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून रेल्वेने एकोणिसाव्या शतकात हे धरण बांधलं. इंजिनं गेली, आता त्याच पाण्यात मुंबई-पुण्याची माणसं आपली वाफ घालवायला येतात. पण त्या गर्दीपासून थोडं बाजूला भुशी नावाचं एक गावही आहे आणि त्यात माझ्या दिवंगत सासऱ्यांनी बांधलेलं तीन खोल्यांचं कौलारू घर आहे, ही गोष्ट रविवारी वाट चुकून कुंपणावरून आत येणाऱ्यांनाच काय ती ठाऊक असते. सहा गुंठे जागा. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. त्या एकट्या राहतात.

मेहुणा ठाण्याला असतो. घर विकावं आणि आईने आपल्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. हे ऐकून तुम्ही लगेच त्याला खलनायक ठरवू नका. मीही बरीच वर्षं ठरवत होतो, कारण बायकोच्या भावाला खलनायक ठरवण्यात एक वेगळाच आनंद असतो. पण गेल्या आषाढात सासूबाई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि दूधवाला येईपर्यंत तासभर भर पावसात तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही एवढंच. फोनवर हे सांगताना त्यांनी शेवाळाचं वर्णन विस्ताराने केलं आणि तासाभराचं एका वाक्यात. मेहुणा त्याच रात्री भुशीला गेला. त्याच्या हातात एका दलालाने दिलेलं रंगीत माहितीपत्रक होतं. शेजारच्या जागेवर जे बंगले होणार होते त्यांची चित्रं त्यावर होती. प्रत्येक बंगल्याच्या पुढे पोहण्याचा तलाव. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो अशा ठिकाणी माणसाला पोहण्यासाठी वेगळा तलाव का लागावा, हे मला त्या पत्रकावरून कळलं नाही.

"आई, या जमिनीत आहे काय?" मेहुणा म्हणाला. "चार महिने चिखल, चार महिने गारठा. साधा टोमॅटो येत नाही तुझ्या अंगणात."

सासूबाईंना बाकी काहीही बोललेलं चालतं. "येईल," त्या म्हणाल्या. "या संक्रांतीला तू ये. अंगणातल्या टोमॅटोचं सार वाढीन तुला. नाही वाढलं, तर भांडी बांधते आणि चलते तुझ्याबरोबर."

"बाजारचा एकही टोमॅटो चालणार नाही."

"एकही नाही."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, तुम्ही साक्षीला." आणि सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही बँकेत आहात, तेव्हा बियाण्याचं तुम्ही बघा." बँक आणि बियाणं यांचा संबंध काय, असं विचारण्याची सोय जावयाला नसते. एका वाक्यात मी साक्षीदार झालो आणि दुसऱ्या वाक्यात पक्षकार.

आता, टोमॅटोचं सार म्हणजे टोमॅटोचं सार. त्यात निवडायचं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. म्हणून पुण्याच्या एका बियाण्याच्या दुकानात जाऊन मी सरळ म्हटलं, "टोमॅटोचं बी द्या." दुकानदाराने विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, "चोवीस झाडं." लग्नाच्या आचाऱ्याला दोन पोळ्यांची ऑर्डर द्यावी तसा त्याचा चेहरा झाला. त्याच्याकडचं संकरित वाणाचं सर्वांत सुटसुटीत पाकीट दहा ग्रॅमचं होतं. ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया, म्हणजे एका पाकिटात तीन हजार झाडं. सासूबाईंच्या अंगणात तीन हजार झाडं लावली असती तर मेहुण्याला घर विकायला सापडलंच नसतं.

शिवाय हे वाण होते नारायणगावच्या बाजारासाठी. आपल्या पुणे जिल्ह्यातलंच जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही टोमॅटोची मोठी पेठ. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा त्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी लाखोंनी कमावले. त्याआधी दोनच महिने भाव मिळेना म्हणून तोच टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे. अशा बाजाराचा टोमॅटो जाड सालीचा, घट्ट आणि प्रवासाला पक्का हवा. ट्रकमध्ये क्रेटच्या तळाशी बसून दिल्लीपर्यंत जाऊनही चेहऱ्यावर सुरकुती नाही, ही त्याची पात्रता. आमच्या टोमॅटोला अंगणातून चुलीपर्यंत वीस पावलं जायचं होतं.

चवीचंही यात एक कारण आहे, आणि ते मला फार पटलं. जुन्या टोमॅटोचे खांदे पिकतानाही हिरवट राहत. फळ सगळीकडून सारखं लाल व्हावं म्हणून गेली कित्येक दशकं पैदासकार एकसारखे पिकणारे वाण निवडत आले. २०१२ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की, ज्या बदलामुळे ते हिरवे खांदे गेले त्याच बदलामुळे फळात साखर तयार करणारं यंत्रही थोडं मंदावलं. म्हणजे रूप सुधारलं आणि चव गेली. उदाहरणं द्यायची तर टोमॅटोपाशी थांबायची गरज नाही; पण असो.

दरम्यान माझा भाचा मदतीला आला. तो अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो, आणि परदेशी असलेल्या भाच्यांना इथल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिथे सापडतं. त्याने थंड हवेच्या टोमॅटोंची यादीच पाठवली. चेक देशातला स्तूपित्से, रशियन नावाचा मॉस्कविच, आणि त्याच्या गावच्या विद्यापीठाने काढलेला ओरेगन स्प्रिंग. हा शेवटचा वाण गारठ्यात परागीभवन झालं नाही तरी फळ धरतो, बी न धरताच. "मामा, लोणावळा म्हणजे हिल स्टेशन ना? मग हेच लाव. मी येताना चार बिया खिशातून घेऊन येतो." मी त्याला कळवलं की परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने खिशातून काही आणवणं बरं दिसत नाही. त्यावर भाचा म्हणाला, "मामा, तू बदलला नाहीस." हे त्याने कौतुकाने म्हटलं असावं.

पण त्याच्या यादीने एक काम केलं. थंड हवेचं ठिकाण म्हणजे नक्की काय, याचा मी विचार करू लागलो. तिकडच्या बागवानाची थंडी म्हणजे बर्फ. मागचा बर्फ वितळल्यापासून पुढचा पडेपर्यंत जे तीन-साडेतीन महिने मिळतील तेवढ्यात फळ पिकलं पाहिजे, म्हणून त्यांचे वाण घाईचे. आपलं लोणावळं समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वासहाशे मीटर. इथे 'थंड हवेचं ठिकाण' ही पदवी मुंबईच्या घामाच्या तुलनेत मिळालेली आहे. बर्फ पडत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि पाऊस नसेल तेव्हा धुकं. ऑक्टोबरात ऊन पडतं, पण रोपं मोठी होऊन फुलावर येतात तोवर डिसेंबरची रात्र येते. म्हणजे आमच्या टोमॅटोपुढे दोन शत्रू होते, पुढून ओल आणि मागून गारठा, आणि भाच्याचे वाण फक्त दुसऱ्याशी लढायला शिकलेले.

गारठ्याचे आकडे मला शेजारच्या काकांनी दिले. हे काका नौदलातून निवृत्त झालेले. भुशीजवळ 'आय.एन.एस. शिवाजी' हे नौदलाचं अभियांत्रिकी प्रशिक्षणाचं केंद्र आहे. समुद्रापासून इतक्या दूर डोंगरावर नौदल काय करतं, असा प्रश्न मी त्यांना पहिल्या भेटीत विचारला होता आणि ते उत्तर देऊन देऊन दमलेले दिसले. काकांच्या व्हरांड्यात किमान-कमाल तापमापी टांगलेली आहे आणि वहीत बारा वर्षांची नोंद. ती वही पाहून मला भरून आलं. एकही खाडाखोड नाही! त्या वहीप्रमाणे त्यांच्या अंगणातल्या रात्री डिसेंबर-जानेवारीत अकरा-बारा अंशांवर येत, आणि कधी नऊवर. टोमॅटोच्या फुलाला रात्री पंधरा ते वीस अंश लागतात. तेराच्या खाली परागकण नीट धरत नाहीत. फूल दोन दिवस उभं राहतं आणि मग देठासकट गळतं. संक्रांत चौदा जानेवारीला. म्हणजे फळ धरायचं ते नेमकं त्या गारठ्यात.

मग मी सरकारी वाणांकडे वळलो. खाजगी कंपन्यांच्या पाकिटावर टोमॅटोचा फोटो असतो. सरकारी पाकिटावर माहिती असते. शेवटी तीन वाण ठरले, प्रत्येकी आठ झाडं.

पहिला पुसा शीतल. हा खास गार रात्रींसाठी काढलेला. रात्र आठ अंशांवर गेली तरी फळ धरतो असा त्याचा लौकिक. सासूबाईंनी नाव ऐकून विचारलं, "काय पुसा?" मी समजावून सांगितलं की बिहारात पुसा नावाचं गाव आहे, तिथे इंग्रजांनी १९०५ साली शेतीची मोठी संस्था काढली, १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली, मग संस्था दिल्लीला गेली आणि जाताना गावाचं नाव बरोबर घेऊन गेली. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "नाव तरी बरोबर नेलं." मेहुणा तेव्हा तिथे नव्हता हे बरं.

दुसरा अर्का रक्षक, बंगळुरूच्या फलोद्यान संस्थेचा. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूंमुळे येणारी मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना दाद देत नाही. कर्नाटकातल्या एका शेतकऱ्याने याच्या एका झाडावरून एकोणीस किलो फळ काढल्याची बातमी मागे आली होती. अर्क म्हणजे सूर्य, पण हे झाड दुसऱ्याही अर्थाने अर्क निघालं, ते पुढे येईलच.

तिसरा पुसा रुबी. हा वाण जुना, फळ चपटं, थोडं कंगोरेदार, आणि आंबट. याची निवड सासूबाईंनी केली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंच्या सोवळ्यात टोमॅटोला प्रवेश नव्हता. कांदा, लसूण आणि टोमॅटो हे तिघे दाराबाहेर. कांद्या-लसणाचं समजू शकतं. टोमॅटोचा गुन्हा एवढाच की कापल्यावर तो आतून लाल दिसतो. युरोपातही लोक त्याला विषारी समजत. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ लांडग्याचं पीच असा आहे, म्हणजे जगातल्या सगळ्या सासवा एका मताच्या. मग सासरे एकदा संध्याकाळी कामावरून येताना टोपीत लपवून चार टोमॅटो घेऊन आले, आणि मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर नव्या नवरीने चोरून सार केलं. "ते चपटे होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि आंबट." एवढंच सांगून त्या आत गेल्या. वाणांच्या तुलनेत मी याला वेगळा रकाना ठेवला नव्हता, पण आठ झाडं मुकाट्याने लिहिली.

सप्टेंबरात रोपं केली. भुशीचा सप्टेंबर म्हणजे पावसाचाच महिना, म्हणून गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून वर प्लास्टिक टाकलं. त्याला सासूबाई इरलं म्हणत. "रोपांच्या डोक्यावर इरलं आहे ना?" असा फोन त्या मला पुण्याला करीत, जणू काही मी वाफ्याशेजारी बसलो होतो. माझ्या फेऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. त्या दिवशी बँका बंद असतात ही गोष्ट २०१५ पासून देशाने स्वीकारली आहे. आमच्या शाखेतल्या काही खातेदारांनी अजून नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला रोपं लावली आणि आठवडाभरात धुकं उतरलं. पुसा रुबीच्या पानांवर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग दिसले. काकांनी भिंगातून पाहून जाहीर केलं, "करपा. उशिरा येणारा." याच करप्याने १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा खाल्ला आणि लाखो माणसं उपासमारीने गेली. गार हवा आणि ओलं पान, दोन्ही त्याला आवडतात. म्हणजे लोणावळ्याला सहलीला येणाऱ्या कोणाही माणसासारखाच तो.

उपाय जुना आहे. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळे भिजवून, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचे. याला बोर्डो मिश्रण म्हणतात, आणि याची गोष्ट भुशीकरांनी ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले शेतकरी रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत, कारण येणारेजाणारे द्राक्षं तोडून खात आणि हिरवट-निळी घाण दिसली की हात लावत नसत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी बाग रोगाने गेली, पण रस्त्याकडेच्या वेली ठणठणीत. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे जगातलं हे नामांकित औषध मुळात सहलीच्या माणसांवरचं औषध! मी ही माहिती सासूबाईंना दिली तेव्हा त्यांनी उरलेलं मिश्रण कुंपणावर शिंपायला सांगितलं.

मिश्रण बरोबर झालं की नाही हे पाहायला त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवतात. सुरीवर तांबूस थर आला तर चुना कमी. सासूबाईंनी सुरी द्यायचं नाकारलं, कारण ती भाजीची. शेवटी काकांनी एक पाना आणला. थर आला. चुना वाढवला. पुन्हा पाना. तिसऱ्या वेळी पाना कोरा निघाला तेव्हा काकांनी वेळ नोंदवली. रुबीची पाच झाडं तरीही गेली, तीन राहिली.

बाकी कामांचं फार सांगत नाही. बगलफुटी काढल्या, काठ्या दिल्या, आणि फुलं आल्यावर सासूबाई रोज सकाळी ऊन पडलं की एकेका झाडाला टिचकी मारून हलवीत. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, फक्त हलावं लागतं. माकडांचा विषय मात्र टाळून चालणार नाही. लोणावळ्याच्या माकडांना चिक्कीची सवय आहे, तेव्हा टोमॅटो ती भुकेने खात नाहीत, तोंडाची चव बदलायला खातात. एक घास घेऊन फेकून देतात. जाळीचा खर्च मी वेगळ्या वहीत लिहिला. ती वही मेहुण्याने मागितली होती, मी दिली नाही.

डिसेंबरात अर्का रक्षकाने आपला अर्कपणा दाखवला. झाडं माझ्या छातीपर्यंत, पानं तुकतुकीत, रोगाचं नाव नाही, फुलांचे घोस, आणि रात्र गार झाली की सगळी फुलं जमिनीवर. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. शीतल मात्र ठेंगणी, अंगाने बेताची, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी. आणि तिच्या पानांआड हिरव्या गोळ्या धरू लागल्या. काकांच्या वहीत त्या आठवड्याची सर्वांत गार रात्र दहा अंश लिहिलेली आहे, आणि पुढे, वहीच्या बारा वर्षांच्या शिस्तीत न बसणारं, एक उद्गारचिन्ह.

भोगीच्या दिवशी सकाळी मोजणी झाली. शीतलची पिकलेली अकरा. त्यांतली चार दुपारी माकडांनी नेली. रुबीची पाच, सुपारीहून थोडी मोठी. अर्का रक्षकाची शून्य.

संक्रांतीला मेहुणा सहकुटुंब आला. सासूबाईंनी बारा टोमॅटो उकडले, साल काढली, नारळाचं दूध घातलं, तुपाची जिऱ्याची फोडणी दिली आणि चमच्याने चाखून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. शीतल गोडसर होती आणि रुबीचं बळ पुरेना. त्यांनी बरणीतून एक अमसूल काढलं आणि सारात टाकलं. हे मेहुण्याने पाहिलं.

"अमसूल कुठलं?" वाटी समोर आल्यावर त्याने विचारलं.

"कुडाळचं," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे अंगणातलं सार नव्हे. भावोजी, तुम्ही साक्षी आहात."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चष्मा पुसला. कर्जाच्या कागदपत्रांत वीस वर्षं गेलेल्या माणसाला असा क्षण क्वचित मिळतो. मी म्हटलं की करारात बंदी होती ती बाजारच्या टोमॅटोवर. अमसूल हा टोमॅटो नव्हे. नारळही बाहेरचा होता, तूपही, आणि मीठ तर समुद्रातलं; त्यांना हरकत घेतलेली नाही, तेव्हा एकट्या अमसुलाला घेता येणार नाही. शिवाय पदार्थ जेवणाबरोबर वाढलेला आहे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली...

"गार होतंय," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याने वाटी तोंडाला लावली. मग दुसरी घेतली. तिसऱ्या वाटीला त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "आई, मागच्या अंगणात फरशी घालून घेऊ. खरबरीत. आणि शेवाळ खरवडायला दर आठवड्याला माणूस. पैसे मी देतो." थोडं थांबून त्याने जोडलं, "पुढच्या संक्रांतीपर्यंत. मग पुन्हा बघू."

"बघ की," सासूबाई म्हणाल्या.

निघताना मेहुण्याने ते दलालाचं रंगीत पत्रक शोधलं. त्यावर दलालाचा नंबर होता. ते माजघरातल्या खिडकीत सापडलं. पोहण्याच्या तलावांवर पुसा शीतलच्या बिया ओळीने चिकटवून वाळत घातल्या होत्या. एका कोपऱ्यात रुबीच्या सात-आठ बिया वेगळ्या, भोवती पेन्सिलीने रेघ. संकरित वाणाचं बी धरून उपयोग नसतो, या सरळ वाणांचं धरता येतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. नंबराचे शेवटचे चार आकडे बियांखाली गेले होते. मेहुण्याने नखाने एक बी उचकटून पाहिली. ती चांगलीच घट्ट बसली होती.